नाव, कृष्णाकाठची

सातारा व सांगली जिल्ह्यांत कृष्णा, वारणा आणि कोयना या नद्यांवर चालणारी लाकडी होडी व तिच्याशी निगडित विधी-उत्सवांची परंपरा. या काठावर केवळ समारंभासाठी वेगळी नौका बांधण्याची चाल नाही. रोज माणसे-जनावरे उतरवणारी नावच सणाच्या दिवशी पूजेची होते, हे या परंपरेचे वैशिष्ट्य आहे.

साधने व नावाडी : नावेखेरीज वाळलेल्या भोपळ्यांची सांगड आणि गुऱ्हाळातली काहील ही नदी ओलांडण्याची जुनी साधने. उसाचा रस आटवायची ही पसरट कढई पुरात माणसे वाहून नेई. सांगली-मिरज भागात नावाड्यांमध्ये ‘अंबी’ हे नाव आढळते. कन्नडमध्ये ‘अंबिग’ म्हणजे नावाडी. बाराव्या शतकातील वचनकार अंबिगर चौडय्या याच पेशाचे होते.

विधी : नाव पाण्यात घालताना नाळेला हळदकुंकू लावतात आणि नारळ फोडतात. सांगलीच्या संस्थान गणपतीचे विसर्जन पाचव्या दिवशी होते. रथातून निघालेली मूर्ती कृष्णेच्या सरकारी घाटावर येते. आरती झाली की ती नावेत ठेवून पात्रात नेतात. घाटापर्यंतची मिरवणूक वाजतगाजत येते, पुढचे थोडे अंतर मात्र वल्ह्यांचाच आवाज सोबतीला असतो. औदुंबरच्या दत्तस्थानी आलेले भाविक नावेने पैलतीरी भिलवडीच्या भुवनेश्वरीला जातात. देवीच्या सांगण्यावरून नदी ओलांडून औदुंबरला आलेल्या मुलाची कथा गुरुचरित्रात आहे, त्यामुळे इथला नावेचा फेरा यात्रेचाच भाग ठरतो.

शर्यती : पावसाळ्यात सांगलीवाडी, कसबे डिग्रज, कवठेपिरान, समडोळी या गावांचे संघ होड्यांच्या शर्यतींत उतरतात. वल्ही एका तालात पडली नाहीत तर होडी तिरकी धावते. म्हणून ताकदीइतकाच सरावाला मान असतो. जिंकलेली होडी साऱ्या गावाची असते.

तुलना : मलय द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावर, केलांतान व तरंगानू येथे, मासेमारी नौकांवर ‘बांगाउ’ हे रंगीत कोरीव काम असते. या शब्दाचा अर्थ बगळा. कृष्णेची नाव अशी नटत नाही, तिचा साज सणापुरता फुलांचा. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात लाकडे जोडून केलेल्या ‘संगारा’ नौका आणि पूर्वेकडील सुवर्णभूमीला जाणारी मोठी जहाजे यांचा उल्लेख एकत्रच येतो. ‘संगारा’चे नाते ‘सांगड’ या शब्दाशी जोडले जाते.

बदल : 1929 मध्ये आयर्विन पूल झाला आणि सांगली-सांगलीवाडी उताराचे महत्त्व ओसरले. साताऱ्यात उलट घडले. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाने जुन्या वाटा बुडवल्या आणि तापोळा-बामणोलीच्या परिसरात लाँच व तराफा हाच रस्ता झाला. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटून अनेकांचा बळी गेला. पूल झाले तरी महापुरात नावेवाचून गत्यंतर नसते, हे त्या दिवसाने दाखवले. म्हणून मजबूत होड्या आणि पाणी ओळखणारे नावाडी जपणे हे या काठाचे कर्तव्य आहे. दोन भिन्न गोष्टी जुळवताना मराठी माणूस आजही ‘सांगड घालतो’. भोपळ्यांची सांगड दिसेनाशी झाली, तिचे काम भाषेने जपले.