राणी हिराई आणि कादंबरीतली राणी

१८७१ साली रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ आली आणि मराठीत ऐतिहासिक कादंबरी सुरू झाली. तिच्या परंपरेतले काही ठरीव प्रसंग मला आजही आवडतात: वेषांतर, किल्ल्याची चोरवाट, रात्री खलिता घेऊन निघालेला स्वार. न आवडणारे दोन. पहिला, नायिकेला पळवणारा यवन सरदार. त्याला आई नसते, बहीण नसते, नुसती वासना असते. माझ्यासारखा मुसलमान वाचक ते पान लवकर उलटतो. दुसरा, नायक येईपर्यंत रडत बसलेली राणी.

या राणीला आमच्या चंद्रपुरात उत्तर आहे. गोंड राजा बीरशहा गेल्यावर, अठराव्या शतकाच्या प्रारंभी, राणी हिराईने दत्तक रामशहाच्या नावाने राज्य चालवले आणि अचलेश्वर मंदिराजवळ पतीची समाधी बांधली. आग्र्याला बादशहाने बेगमेसाठी जे केले, ते इथे राणीने राजासाठी केले.

कादंबरीत गोंड माणूस बहुधा वाटाड्या म्हणून येतो आणि जंगल संपले की तोही संपतो. हिराईच्या गोष्टीत तो राज्यकर्ता आहे. प्रेमही आहे, राजकारणही आहे. तिला पळवणारा लागत नाही, आणि सोडवणाराही.