माळ्यावरची पायमशीन

आयझॅक सिंगर यांनी १८५१ मध्ये अमेरिकेत शिवणयंत्राचे पेटंट घेतले. यंत्रांबद्दल साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ मध्ये या मशीनला अपवाद मानले. १९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंगने ‘उषा’ काढली. आमच्या पिंपळनेरच्या घरी आईची पायमशीनही उषाच.

आई गेल्यावर मी ती माळ्यावर टाकली. रेडिमेड स्वस्त मिळतं, कोण पाय मारत बसणार! मग लेकीने ‘द ग्रेट ब्रिटिश सुइंग बी’ ही बीबीसीची स्पर्धा दाखवली. ती २०१३ मध्ये सुरू झाली. पहिल्याच वर्षी ऐंशी ओलांडलेल्या ॲन रौली जिंकल्या. तिच्यात एक फेरी तयार कपड्याचं रूप पालटायची असते. ते बघून मी आईची सुती साडी बाहेर काढली. कात्री लावताना हात थरथरला. गळा दोनदा उसवला, पण नातीचा फ्रॉक झाला. आत दोन बोटं माया सोडलीय, पुढच्या वर्षीही पुरेल.

सोसायटीतल्या मैत्रिणींनो, तुमच्याही मशिनी खाली काढा. तेलाची बाटली माझ्याकडे आहे.