कायदा डोकी मोजतो, यंत्राचं काय?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण कारखाना चालवणारे, कारखान्यात राबणारे आणि एमआयडीसीत गाळे भाड्यानं देऊन बसलेले, या तिघांनीही सवडीनं वाचावी.

युरोपच्या एआय कायद्याबद्दल आपल्याकडं दोन टोकांचं बोललं जातं. एक म्हणतो, "तिकडचा कायदा, आपला काय संबंध?" दुसरा म्हणतो, "आता कास्टिंगसुद्धा जाणार नाही बघ युरोपला." दोघांचंही चुकतंय. पण त्या कायद्याकडं येण्याआधी दीडशे वर्षं मागं जायला पाहिजे, कारण आपला कारखान्यांचा पहिला कायदासुद्धा तिकडच्याच रेट्यानं आलेला आहे.

मुंबईत कापड गिरण्या वाढायला लागल्या तशी लँकेशायरच्या गिरणीमालकांना धडकी भरली. त्यांच्याकडं कामाच्या तासांवर बंधनं होती, मुंबईत कसलंच बंधन नव्हतं. मग त्यांना एकाएकी इथल्या पोरांचा कळवळा आला. कळवळा खोटा असेल, पण पोरं खरी होती. सहा-सात वर्षांची मुलं गिरणीत राबत होती आणि फिरते पट्टे उघडे होते. 1875 मध्ये मुंबई सरकारनं चौकशी आयोग नेमला. त्यातल्या बहुतेक सदस्यांचं मत पडलं की कायदा नको, उद्योग अजून लहान आहे, बंधनं घातली तर मरेल. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं परत भेटणार आहे. इथल्यांपैकी सोराबजी शापूरजी बंगाली यांनी मात्र 1878 मध्ये स्वतः कायद्याचा मसुदा केला.

शेवटी 1881 ला पहिला फॅक्टरी कायदा आला. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायचं नाही, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, महिन्याला चार सुट्ट्या, धोकादायक यंत्रांना कुंपण. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल अवाक्षर नाही. आणि कायदा लागू कुणाला? यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि 100 किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला. वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे सगळे सुटले.

खरी गोम इथं आहे. कायद्यानं धोका मोजला नाही, डोकी मोजली. कापसाच्या हंगामापुरते चालणारे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने बाहेर राहिले. 1884 च्या दुसऱ्या आयोगासमोर खानदेशातल्या जिनांबद्दल ज्या साक्षी आल्या त्या अंगावर काटा आणतात. हंगामात बायका रात्रंदिवस कामावर, झोप मिळाली तर मिळाली. जिनाचं यंत्र काही मुंबईच्या गिरणीतल्या यंत्रापेक्षा मवाळ नव्हतं. तरी कायद्याच्या लेखी तो कारखानाच नव्हता.

त्याच 1884 च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं. रविवारच्या सुट्टीसाठी आपण लोखंड्यांना ओळखतो, ती 1890 मध्ये मिळाली. पण त्या निवेदनात आणखी एक मागणी होती, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. काम करताना जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. थोडक्यात, यंत्रानं हात नेला तर त्याचं उत्तर कोण देणार? सरकारला या प्रश्नाचं उत्तर कायद्यात लिहायला 1923 साल उजाडलं. तेव्हा कामगार नुकसानभरपाईचा कायदा आला. बॉयलरचा अखिल भारतीय कायदाही त्याच वर्षीचा.

मधे एक गंमत झाली. 1905 च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोवर सूर्य मावळला की गिरणी थांबायची, कारण दिसायचंच नाही. आता दिसायला लागलं म्हटल्यावर मालकांनी चौदा-पंधरा तास गिरणी चालवली. दिवा स्वतः कुणाला इजा करत नव्हता, पण दिव्यानं कामगाराचा दिवस लांबवला. कायदा मागून धावत आला आणि 1911 मध्ये कापड गिरणीत पुरुषांना दिवसाला बारा तासांची मर्यादा पडली. नवं तंत्र कारखान्यात आलं की ते आधी कुणाच्या वेळेत घुसतं ते बघावं. अपघात नंतर दिसतात.

डोक्यांची अट मात्र हळूहळू खाली येत गेली. 1891 मध्ये 100 चे 50 झाले, 1922 ला 20, आणि 1948 च्या कायद्यात यंत्रशक्ती असेल तर 10. सत्तर वर्षांत कायदा गिरणीतून निघून गल्लीतल्या वर्कशॉपपर्यंत पोचला. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, 1987 ला, आणखी एक गाठ मारली गेली. कंपनीचा कारखाना असेल तर ‘भोगवटादार’ म्हणजे कंपनीचा संचालकच. मॅनेजरला पुढं करून मालकानं मागच्या दारानं निसटायचं नाही. 1996 मध्ये सुप्रीम कोर्टानंही जे. के. इंडस्ट्रीजच्या खटल्यात तेच सांगितलं. हा भोगवटादार नावाचा माणूस आपल्या गोष्टीत महत्त्वाचा आहे. काहीही झालं तरी इन्स्पेक्टर त्याचंच नाव विचारणार.

आता यंत्राकडं. 1979 च्या जानेवारीत अमेरिकेत मिशिगनमधल्या फोर्डच्या कास्टिंग कारखान्यात रॅकवरून माल काढणाऱ्या रोबोटच्या हातानं एका कामगाराचा जीव घेतला. कामगार रॅकवर चढला होता, रोबोटला तो दिसत नव्हता, धोक्याची सूचनाही वाजली नाही. पुढं ज्युरीनं भरपाई ठोठावली 1 कोटी डॉलर, आणि ती ठोठावली रोबोट बनवणाऱ्या कंपनीला. त्या रोबोटला डोळे नव्हते, म्हणून दोष ठरवणं त्यातल्या त्यात सोपं होतं. आजच्या यंत्राला कॅमेरा आहे. तो शिकतो, काल शिकलेलं आज बदलतो, आणि त्याचं डोकं इथं शेडमध्ये नसून विक्रेत्याच्या सर्व्हरवर असतं. मग उत्तर कुणाचं?

युरोपनं 2024 मध्ये एआय कायदा केला, 1 ऑगस्टपासून तो अमलात आला, टप्प्याटप्प्यानं लागू होतोय. त्यातली मला सर्वात पटलेली गोष्ट अशी की तो डोकी मोजत नाही. तो विचारतो, हे यंत्र काय काम करतंय?

एकच कॅमेरा घ्या. कास्टिंगला चीर आहे का हे बघायला लावला, तर या कायद्याचा जवळजवळ काही त्रास नाही. तोच कॅमेरा पॉवर प्रेसवर बसवला आणि कामगाराचा हात आत आला की प्रेस थांबवायचं काम त्याला दिलं, तर तो सुरक्षेचा भाग झाला. स्वतः शिकणारी यंत्रणा असली तर तिथं बाहेरच्या संस्थेची तपासणी, कागदपत्रं, सगळं आलं. यासाठी त्यांचा वेगळा यंत्रसामग्री नियम 2023 मध्येच झालाय, तो जानेवारी 2027 पासून लागू होतोय. तोच कॅमेरा कामगाराचा वेग मोजून त्याचं मूल्यमापन करायला लावला, तर तो ‘उच्च जोखीम’ यादीत गेला. आणि कामगाराच्या चेहऱ्यावरून तो वैतागलाय की खूश आहे हे ताडायला लावला तर सरळ बंदी, फक्त वैद्यकीय किंवा सुरक्षेचं कारण असेल तर सूट. ही बंदी 2 फेब्रुवारी 2025 पासून लागू आहे. मोडली तर दंड साडेतीन कोटी युरोपर्यंत, किंवा जगभरच्या उलाढालीच्या 7 टक्के, यातलं जे जास्त असेल ते.

कारखानदारासाठी खरी मेख पुढं आहे. हा कायदा दोन माणसं वेगळी करतो, यंत्रणा बनवून बाजारात आणणारा आणि ती वापरणारा. उच्च जोखमीची यंत्रणा वापरणाऱ्यानं देखरेखीला जाणकार माणूस ठेवायचा, यंत्राच्या नोंदी किमान सहा महिने जपायच्या, आणि यंत्रणा सुरू करण्यापूर्वी कामगारांना आणि त्यांच्या प्रतिनिधींना सांगायचं. एवढं केलं की बाकीचं ओझं बनवणाऱ्याचं. पण वापरणाऱ्यानं त्या यंत्रणेत मोठा बदल केला, किंवा तिचा उपयोगच बदलला, तर कायदा त्यालाच बनवणारा मानतो. आता आपल्या शिरोली-गोकुळ शिरगावची ख्याती काय? कुठलंही मशीन आणा, आठवड्यात त्यात जुगाड करून दाखवतो. त्याच कौशल्यावर हा भाग उभा राहिलाय, त्याबद्दल आदरच आहे. पण चीर बघणाऱ्या कॅमेऱ्याला पोरांच्या हजेरीवर आणि वेगावर नजर ठेवायला लावलं, तर युरोपात तो कारखानदार एका दिवसात दुसऱ्या रांगेत गेला असता.

इथं निर्यातदारांसाठी एक स्पष्ट करतो. तुमचं कास्टिंग म्हणजे एआय नव्हे, त्यामुळं ते युरोपला पाठवल्यानं हा कायदा तुमच्या फाउंड्रीला लागत नाही. एआय बसवलेलं मशीन बनवून तिकडं विकलं तर लागतो, मग तुम्ही पुण्यात असा की कागलला. अर्थात तिकडचा गिऱ्हाईक उद्या प्रश्नावली पाठवणारच नाही, असं कुणी समजू नये.

मालमत्तेचाही एक मुद्दा आहे. कर्ज काढून मशीन घेतलं, ताळेबंदात ते तुमचं. पण दिवसभर ते ज्या नोंदी करतं त्या कुणाच्या? बऱ्याच ठिकाणी विक्रेत्याच्या. म्हणजे यंत्र माझं आणि यंत्राची वही त्याच्याकडं. अपघात झाला, विमा कंपनीनं किंवा इन्स्पेक्टरनं विचारलं की त्या क्षणी यंत्रानं काय निर्णय घेतला, तर भोगवटादारानं काय दाखवायचं? युरोपनं यासाठी वेगळा डेटा कायदा केला आणि 12 सप्टेंबर 2025 पासून यंत्र वापरणाऱ्याला त्या नोंदी मागण्याचा हक्क दिला. गाळेवाल्यांनीही हे वाचावं. एका इमारतीत वेगवेगळे कारखाने भाड्यानं असतील तर सामाईक सोयींची जबाबदारी जागामालकावर, हे आपल्या 1948 च्या कायद्यात कलम 93 मध्ये होतंच. सामाईक फाटकावर चेहरा ओळखणारं यंत्र बसवताना त्याच्या नोंदी कोण सांभाळणार, हे भाडेकरारात लिहून ठेवायला काय हरकत आहे?

युरोपचं सगळं सोन्यासारखं आहे असं मुळीच नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये युरोपियन आयोगानंच उच्च जोखमीच्या नियमांच्या तारखा पुढं ढकलायचा प्रस्ताव मांडला. उद्योगांची तक्रार होती की बंधनांनी आम्ही मागं पडू. 1875 चं वाक्य आठवलं? तिथं भेटलं ते परत.

आणि आपण? त्याच नोव्हेंबरात केंद्र सरकारनं एआयबद्दल मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली, त्यांचा सूर ‘स्वतंत्र कायदा आत्ता नको, आहेत ते कायदे वापरू’ असा. आणि 21 नोव्हेंबर 2025 ला चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या सुरक्षा संहितेत ‘कारखाना’ म्हणजे यंत्रशक्ती असेल तर 20 माणसं, नसेल तर 40. शंभरावरून दहावर यायला आपल्याला 67 वर्षं लागली होती, आता आकडा परत वर चढला. दहा माणसांच्या आस्थापनेला संहितेतल्या सर्वसाधारण तरतुदी लागतात, आणि सरकारनं अधिसूचित केलेलं जिवावरचं काम असेल तर एक कामगार असला तरी कायदा लावता येतो, हेही नोंदवतो. पण रोबोट घेतला की काय होतं? पंचवीस माणसांचं वर्कशॉप अठरावर येतं. यंत्र वाढलं, धोका नव्या जातीचा झाला, आणि जागा ‘कारखाना’ या व्याख्येतूनच बाहेर पडली. खानदेशातल्या जिनासारखी.

छोट्या मालकाला वाटेल, बरंच झालं, इन्स्पेक्टरची कटकट गेली. मला तसं वाटत नाही. अपघात झाला तर भरपाई, पोलीस, कोर्ट यातलं काहीच कमी होत नाही. फक्त यंत्र विकणाऱ्याची वाटणी कुठंच लिहिलेली नसते, आणि सगळं येतं भोगवटादाराच्या अंगावर. म्हणून सध्या तरी पर्चेस ऑर्डरमध्येच लिहून घ्यावं. यंत्राचं सॉफ्टवेअर कुणी, कधी बदललं हे कळवणार का? नोंदी आमच्याकडं देणार का? सुरक्षेचं काम या यंत्रणेवर सोपवावं की नाही, हे तुमच्या सही-शिक्क्यानिशी द्या. वकिलाची फी यंत्राच्या किमतीपुढं काहीच नाही.

कामगारांची बाजू अजून कच्ची आहे. 2023 चा डेटा संरक्षण कायदा आलाय, पण त्यात नोकरीच्या कारणासाठी मालकाला कामगाराची माहिती संमतीशिवाय वापरायची वाट ठेवलेली आहे. म्हणजे आपला वेग कुठला कॅमेरा मोजतो, त्यावरून पाळी कोण ठरवतं, हे आधी सांगायलाच पाहिजे असं युरोपसारखं कलम इथं नाही. 1948 च्या कायद्यानं कारखान्याच्या फाटकाजवळ कायद्याचा गोषवारा कामगारांना समजेल त्या भाषेत लावायला सांगितलं होतं, तो फलक आपल्या बऱ्याच कारखान्यांत अजून टांगलेला दिसतो. पट्ट्याला कुंपण, चालू यंत्राला हात लावू नये, पिण्याचं पाणी, पंखे, संडास, सगळं त्यावर मराठीत आहे. वर लावलेल्या कॅमेऱ्याबद्दल त्यावर एक ओळ नाही.