प्रसूतीनंतरची सूज

प्रसूतीनंतरची सूज म्हणजे बाळंतपणानंतर पाय, घोटे, हात व चेहरा यांवर दिसणारा फुगवटा. बहुसंख्य बाळंतिणींमध्ये ती आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. क्वचित मात्र ती गंभीर आजाराची खूण असते.

कारणे व शारीरिक बदल

गरोदरपणात रक्ताचे आकारमान सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते आणि ऊतींतही पाणी साठते. प्रसूतीनंतर ते लघवी व घामावाटे बाहेर पडते. पहिल्या काही रात्री बाळंतिणीला भरपूर घाम येतो, तो यामुळेच. शिरेतून सलाइन दिलेले असल्यास, विशेषतः सिझेरियननंतर, पावले पूर्वीपेक्षा अधिक सुजलेली दिसू शकतात. सुमारे १ किलो वजनाचे गर्भाशय सहा आठवड्यांत जवळजवळ मूळ आकाराला येते. पोटाचे मध्यरेषेवर विलग झालेले स्नायू जुळण्यास याहून अधिक काळ लागतो.

पारंपरिक उपचार

महाराष्ट्रात बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती, तेलाचे मालीश, शेक, डिंकाचे व अळिवाचे लाडू देण्याची रीत आहे. हा काळ वैद्यकशास्त्रातील सहा आठवड्यांच्या सूतिकाकालाशी जवळपास जुळतो, हे लक्षणीय आहे. अळिवातून लोह मिळते. पोट बांधल्याने आधार वाटतो, पण त्यामुळे स्नायू जुळत नाहीत. सूज उतरावी म्हणून पाणी कमी देणे चुकीचे आहे. सतत निजवून ठेवल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. घरातल्या घरात चालणे, बसताना पाय उंचावर ठेवणे आणि मीठ बेताने खाणे हितकारक ठरते. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे धोक्याचे आहे. मिरा-भाईंदरसारख्या शहरांतील लहान सदनिकांत विषारी वायू लवकर साचतो.

धोक्याची लक्षणे

प्रसूतीनंतर रक्तदाब साधारणतः तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वाधिक असतो. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११) शासकीय रुग्णालयात नैसर्गिक प्रसूतीनंतर ३ व सिझेरियननंतर ७ दिवसांपर्यंत मोफत आहाराची तरतूद आहे. म्हणजे नैसर्गिक प्रसूती झालेली स्त्री नेमकी याच सुमारास घरी परतलेली असते. चेहऱ्यावर वा हातांवर अचानक वाढलेली सूज, तीव्र डोकेदुखी, अंधारी, बरगड्यांखाली दुखणे किंवा १४०/९० वा त्याहून अधिक रक्तदाब ही प्रसूतीपश्चात पूर्वाक्षेपकाची (प्रीएक्लाम्प्सिया) लक्षणे असू शकतात. गरोदरपणी रक्तदाब सामान्य असलेल्या स्त्रीलाही हा विकार होतो व त्यातून झटके येऊ शकतात. एकाच पायाला वेदनेसह सूज आल्यास गुठळीची, तर आडवे झाल्यावर धाप लागल्यास हृदयविकाराची शंका घ्यावी लागते. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ दवडू नये.

रुग्णालयातील प्रसूतीनंतर आशा कार्यकर्तीच्या गृहभेटी ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी अपेक्षित असतात. त्यांत भर नवजात बाळावर असल्याने आईच्या सुजेविषयी कुटुंबीयांनी आपणहून सांगणे आवश्यक ठरते. मिरा-भाईंदरमध्ये भाईंदर पश्चिमेस भारतरत्न पंडित भीमसेन जोशी (टेंभा) हे शासकीय रुग्णालय आहे. तातडीच्या रुग्णवाहिकेसाठी राज्यभर १०८ हा क्रमांक आहे.