वणव्याचा ठिपका

विंचूरहून चांदवडकडे निघाले की सातमाळ्याची डोंगररांग जवळ येत जाते. होळीच्या सुमारास तिथले गवत वाळून कोळ झालेले असते आणि एक ठिणगी पुरते. असा वणवा आठशे किलोमीटर उंचीवरून दिसतो तरी कसा?

गंमत म्हणजे हे काम सुरुवातीच्या काळात ज्या उपकरणाने केले, ते आगीसाठी बनवलेलेच नव्हते. १९७८ मध्ये टायरॉस-एन या अमेरिकी उपग्रहावर ‘एव्हीएचआरआर’ बसवले गेले ते ढग आणि समुद्रपृष्ठाचे तापमान पाहण्यासाठी. १९८१ मध्ये मॅट्सन आणि डोझियर यांनी दाखवून दिले की त्याच्या ३.७ मायक्रॉनच्या पट्ट्यात तेलक्षेत्रांतील जळता वायू आणि पोलाद कारखान्यांची धगही उमटते. या वस्तू एका चित्रबिंदूपेक्षा कितीतरी लहान होत्या!

असे का व्हावे? २७ अंश सेल्सिअसची जमीन सर्वाधिक प्रारण १० मायक्रॉनच्या आसपास सोडते, तर ५२७ अंशांची आग ३.६ च्या आसपास. प्लांकच्या सूत्रात आकडे घालून पाहू. (अकरावी-बारावीच्या मुलांना हे गणित जरूर द्यावे.) तेवढ्याच क्षेत्रफळाची आग ११ मायक्रॉनला जमिनीच्या सुमारे १९ पट तेजस्वी ठरते, ४ मायक्रॉनला सुमारे १८०० पट. आता एक चौरस किलोमीटरच्या चित्रबिंदूत फक्त दहा गुंठे पेटले आहेत असे धरू. म्हणजे हजारावा हिस्सा. ११ मायक्रॉनला बिंदूचे तेज जेमतेम दोन टक्क्यांनी वाढेल. ४ मायक्रॉनला मात्र ते पावणेतीन पटीवर जाईल.

पण या जुन्या उपकरणाचे डोळे ५० अंशांच्या आसपासच दिपून जात. एप्रिलच्या दुपारी निफाड-येवल्याकडची नांगरून पडलेली काळी जमीनही तेवढी तापते. मग आग कोणती आणि ढेकळे कोणती? १९९९ च्या टेरा आणि २००२ च्या ॲक्वा उपग्रहांवरील ‘मोडिस’मध्ये म्हणून सव्वादोनशे अंशांपर्यंत मोजणारा खास पट्टा ठेवला गेला. त्याच्याच आधारे डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने २००४ पासून राज्यांना आगीच्या सूचना द्यायला सुरुवात केली. २०११ मध्ये सुओमी एनपीपी उपग्रहावर आलेल्या ‘व्हीआयआयआरएस’चा चित्रबिंदू ३७५ मीटरवर आला.

तरीही आग ‘पसरताना’ हे उपग्रह पाहत नाहीत. दोन फेऱ्यांतले ठिपके आपण जोडतो. गवताचा वणवा मधल्या काही तासांतच पेटून विझला, तर ठिपकाच नाही. २०१३ च्या इन्सॅट-३डीसारखा भूस्थिर उपग्रह दर अर्ध्या तासाला पाहू शकतो, पण त्याचा बिंदू चार किलोमीटरचा; दहा गुंठे त्यात हरवतात. उरतो तो डोंगरावरचा काळा चट्टा. वाळके गवतही जवळचे अवरक्त किरण बऱ्यापैकी परत पाठवते, कोळसा पाठवत नाही. त्यावरून जळालेले क्षेत्र मोजता येते, मात्र पावसाने गवत उगवण्याआधी.

उलट, विंचूरच्या शिवारात ठिपका दिसला तर तो वणवा असेलच असे नाही. कोणीतरी उसाचे पाचट पेटवले असेल. आणि जुन्या-नव्या उपकरणांचे ठिपके शेजारी ठेवून ‘आगी इतक्या पटींनी वाढल्या’ असे कोणी सांगू लागला, तर आधी विचारावे: आग वाढली, की चित्रबिंदू लहान झाला?