कुपनावर कोल्ड्रिंक चालेल का?

आजची गोष्ट अमेरिकेतल्या कुपनांची. आपल्या रेशन दुकानात धान्यच हातात पडतं, त्यामुळे 'सरकारी मदतीतून कोल्ड्रिंक घ्यावं का' हा प्रश्नच येत नाही. तिकडे मदत मिळते खरेदीसाठी. भांडण तिथूनच सुरू होतं.

साल 1939. मंदीचे दिवस. शेतमालाला उठाव नाही आणि शहरात लोक अर्धपोटी. मे महिन्यात न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरमध्ये एक योजना सुरू झाली. एक डॉलरची नारिंगी कुपनं विकत घ्यायची, त्यावर पन्नास सेंटची निळी फुकट. नारिंगीवर कुठलंही खाणं घ्या. निळ्यावर मात्र सरकार 'शिल्लक माल' म्हणून जाहीर करेल तेच. म्हणजे यादी होती बरं का! पण ती गरिबाच्या तब्येतीसाठी नव्हती, शेतकऱ्याचा माल खपावा म्हणून होती.

1943 मध्ये योजना बंद पडली. 1961 मध्ये केनेडींनी ती परत आणली, पण रंगीत भानगड गेली. मग आला 1964 चा कायदा. प्रतिनिधिगृहाच्या मसुद्यात सॉफ्ट ड्रिंक आणि चैनीच्या खाण्यावर बंदी होती. सिनेटला ती नको होती, आणि ती गेली. दारू, तंबाखू आणि परदेशी माल तेवढा वगळला. गंमत बघा, आजही तयार गरम जेवण सहसा या मदतीतून घेता येत नाही. भाजलेली कोंबडी गरम असेल तर नाही, तीच गार करून विकली तर चालते!

2004 मध्ये मिनेसोटाने कँडी आणि सोड्यावर बंदी मागितली, नकार. 2010 मध्ये न्यूयॉर्कचे महापौर ब्लूमबर्ग यांनी गोड पेयांवर मागितली. पुढच्या वर्षी नकार. कृषी खात्याचं म्हणणं, हे राबवणं फार किचकट.

बरं, गरीबच जास्त सोडा पितात का? याच खात्याने 2011 च्या दुकानातल्या बिलांचा अभ्यास करून 2016 मध्ये आकडे दिले. मदत घेणाऱ्या घरांचा खाण्यावरचा 5.4 टक्के खर्च सॉफ्ट ड्रिंकवर, इतरांचा 4 टक्के. फरक आहे, पण बोटं मोडावीत इतका नाही. शिवाय कुपन नाही चाललं, तर माणूस तीच बाटली खिशातल्या पैशाने घेणार.

मला विचाराल तर मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पडेन काउंटीचा प्रयोग जास्त पटतो. 2011-12 मध्ये तिथे फळं-भाज्यांवर खर्चलेल्या प्रत्येक डॉलरमागे 30 सेंट परत मिळायचे. लोकांचं फळं-भाजी खाणं साधारण 26 टक्क्यांनी वाढलं. कुणालाही काउंटरवर 'हे परत ठेवा' ऐकावं लागलं नाही.

पण वारं फिरलंय. मे 2025 मध्ये नेब्रास्काला सोडा आणि एनर्जी ड्रिंक वगळायची पहिली परवानगी मिळाली, पाठोपाठ आयोवा, इंडियाना. आयोवाने यादी विक्रीकराच्या नियमाला जोडली. त्या नियमात मैदा असलेलं चॉकलेट 'कँडी' धरत नाहीत. म्हणून साधी चॉकलेटची वडी बाद, आणि ट्विक्स पास.