बुडालेली वही, वाचलेली गाथा

मंडळी, आजचा विषय नावाला संगणकाचा आहे. हार्ड डिस्क बंद पडली तर आतला मजकूर परत कसा मिळवायचा, आणि ती वेळच येऊ नये म्हणून काय करायचं. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत लहानमोठी वर्कशॉपं पसरली आहेत. ड्रॉइंग, मशिनचे प्रोग्रॅम, हिशेब, सगळं एखाद्या संगणकात असतं. पण हाच प्रश्न याच पट्ट्यात, इंद्रायणीच्या काठी, पावणेचारशे वर्षांपूर्वीही उभा राहिला होता. आज आपण त्याच्याकडे या नजरेने पाहू.

प्रसंग तुम्हाला ठाऊक आहे. शूद्र असून तुकोबा अभंगांतून वेदार्थ सांगतात, असा आक्षेप निघाला. वाघोलीच्या रामेश्वरभट्टांचं नाव त्यात येतं. देहूला अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या, तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसले आणि वह्या वर आल्या. या तेरा दिवसांचा उल्लेख तुकोबांच्या समकालीन शिष्या बहिणाबाई यांच्या रचनेतही आहे. म्हणजे ही गोष्ट फार उशिरा रचली गेली, असं म्हणता येत नाही. पुढे रामेश्वरभट्टही तुकोबांचे अनुयायी झाले.

आता ‘वह्या तरल्या’ याचे दोन अर्थ होतात. एक, कागद वाचला. दोन, अभंग वाचले. आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, त्यामुळे हा भेद आम्हाला महत्त्वाचा वाटतो. वही ही वस्तू आहे, ती एकाच ठिकाणी असते. अभंग तसा नाही. तो दहा वह्यांत आणि शंभर कंठांत एकाच वेळी असू शकतो आणि तरीही एकच अभंग राहतो.

आधी वस्तूचं पाहू. जुन्या शाईत काजळी असे. काजळीचे कण पाण्यात विरघळत नाहीत, पण त्यांना कागदाशी धरून ठेवणारा डिंक भिजला की सुटू लागतो. अशी ओली वही कोणी घाईने उघडली, पानं ओढून सुटी केली, तर पाण्याने केलं नसेल तेवढं नुकसान हात करतात. हार्ड डिस्कचं तसंच आहे. तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि वाचणारं टोक तिच्यापासून केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं. आतून टकटक आवाज येऊ लागला की बहुतेक वेळा त्या टोकाचंच बिघडलेलं असतं. तेव्हा पुन्हा पुन्हा चालू करून पाहणं म्हणजे ओली पानं ओढणं. वीज काढायची, झाकण उघडायचं नाही, आणि धूळविरहित खोलीत काम करणाऱ्या जाणकाराकडे द्यायची. चुकून पुसलेल्या फाइलचं निराळं. तिथे सहसा फक्त सूचीतली नोंद जाते, मजकूर जागेवरच असतो, जोवर त्याच्यावर नवीन काही लिहिलं जात नाही. म्हणून तिथे पहिला नियम असा: त्या डिस्कवर लिहिणं थांबवा.

देहूच्या मंदिरात एक ‘भिजकी वही’ जपलेली आहे, ती तुकोबांच्या हातची मानतात. तिच्यात पूर्वी आजच्यापेक्षा पुष्कळ जास्त अभंग होते, असं दिलीप चित्रे यांनी नोंदवलं आहे. म्हणजे नदीतून वाचलेली वही नंतर कोरड्या जागीही झिजली. एकदा वाचवलेली वस्तू कायमची वाचली, असं होत नाही.

मग गाथा टिकली कशी? इथे आपल्याला चाकणला यावं लागतं. संताजी जगनाडे हे चाकणचे, तेल्याचा व्यवसाय करणारे, तुकोबांचे टाळकरी. त्यांची समाधी जवळच सुदुंबऱ्याला आहे. दुसरे लेखक गंगाजी मवाळ, कडूसचे. परंपरा सांगते की अभंग उतरवून घेण्याचं काम या दोघांनी केलं. संताजींच्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तुकोबांचे अभंग छापले. त्याआधी विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी इंदुप्रकाशची गाथा काढली, १८६९ आणि १८७३ साली, दोन भागांत. त्यासाठी त्यांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या प्रती ताडून पाहिल्या.

ही गावांची नावं लक्षात ठेवा. आज जाणकार सांगतात की प्रती तीन असाव्यात, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. गाथेकडे हे सगळं होतं. माध्यमं दोन, कागद आणि कंठ. जागा अनेक, आणि पंढरपूर तर देहूपासून २०० किलोमीटरांहून लांब. सगळ्या प्रती देहूतच असत्या तर सगळ्याच नदीत गेल्या असत्या. त्याच संगणकात दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवलेली प्रत ही तशीच, एकाच फडताळातली दुसरी वही.

आणखी एक गोष्ट. ठेवलेली प्रत उघडते की नाही, हे बहुतेक लोक संकट आल्यावरच पाहतात. वारकऱ्यांनी ते रोज पाहिलं. भजनात एक चरण चुकला तर शेजारचा टाळकरी दुरुस्त करतो. ही रोजची तपासणीच होती.

याची किंमतही मोजावी लागते. प्रती वाढल्या की पाठभेद वाढतात, दुसऱ्याचे अभंग आत शिरतात. इंदुप्रकाशच्या गाथेत सुमारे साडेचार हजार अभंग, तर तुकाराम तात्या यांच्या आवृत्तीत आठ हजारांवर. म्हणून कोणती प्रत कधीची, हे लिहून ठेवणं प्रत ठेवण्याइतकंच गरजेचं.

शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते तोच खरा. वह्या अपघाताने बुडाल्या नव्हत्या, या माणसाने लिहू नये म्हणून त्या बुडवल्या गेल्या. एका घरातली वही बुडवण्याची सत्ता धर्मपीठाकडे होती. चाकणच्या तेल्याच्या घरातली वही आणि गावोगावचे कंठ बुडवणं तिला शक्य नव्हतं. मात्र ज्यांना असा संताजी मिळाला नाही, अशी माणसंही त्या काळात असणारच. त्यांचे शब्द गेले, आणि काय गेलं हेसुद्धा आपल्याला कळत नाही.

तेव्हा घरी गेल्यावर स्वतःला तीन प्रश्न विचारू: दुसरी प्रत कोणाकडे आहे, कोणत्या गावी आहे, आणि ती शेवटची उघडून कधी पाहिली? आम्ही इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.